अरुबात सहा जणांच्या जेवणाचा हिशोब

न्यू जर्सीतल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

घरात नवरा-बायको, १३ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी. सांगलीहून सासू-सासरे काही महिन्यांसाठी आलेले आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे मिळून कॅरिबियनमधल्या अरुबा बेटावर जाणार आहेत. विमानाची तिकिटं काढली आहेत, राहायची जागा अजून ठरलेली नाही. नवऱ्याचं म्हणणं, तिथल्या पाम बीचवरचं ऑल-इन्क्लूझिव्ह (राहणं, खाणं, पिणं सगळं एकाच दरात) रिसॉर्ट घेऊ, एकदाच पैसे भरले की डोक्याला ताप नाही. पण सासू-सासरे शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाहीत, दारूचा प्रश्नच नाही. शिवाय सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतात. मग त्यांच्यासाठी एवढे पैसे कशाला, असं या ताईंना वाटतं. सासूबाई म्हणतात, “स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, मी आहे ना खिचडी-पोळी करायला.” सासरे प्रत्येक बिलाचे रुपये करतात आणि मग “मला फारशी भूक नाही” म्हणून अर्धपोटी उठतात. किनाऱ्यावर डबा उघडून बसायची नवऱ्याला लाज वाटते. ताई विचारतात : यात सगळ्यात स्वस्त काय पडेल? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : “पैसे वाचवायचे म्हणजे तिथेही ओट्यापाशी मीच, हे मला आत्ताच दिसतंय.”

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, आणि तीही तक्रार वाटू नये अशा बेताने. मी उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करते.

तुमच्यासमोर दोनच रस्ते आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. एक तर रिसॉर्टला भरपूर पैसे द्यायचे आणि कुणीच रांधायचं नाही, नाही तर पैसे वाचवायचे आणि तुम्ही रांधायचं. हे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले नाहीत. रिसॉर्टचा जेवणाचा प्लॅन घ्यायचा की नाही, हा पैशांचा प्रश्न. जागेत ओटा असेल तर त्यापाशी कोण उभं राहणार, हा घरातल्या माणसांचा प्रश्न. दोन्ही वेगळे काढले की तुमच्या खर्चाचं चित्र बरंच बदलतं.

आधी प्लॅन बघू. ऑल-इन्क्लूझिव्हच्या किमतीत बारचा वाटा मोठा असतो. तुमच्यातले चौघं दारूला शिवणार नाहीत. त्यांच्यासाठीही तुम्ही पूर्ण दर भरणार असाल, तर दुसऱ्यांच्या ग्लासाचे पैसे भरता आहात. त्यातून १३ वर्षांचा मुलगा. बऱ्याच रिसॉर्टमध्ये मुलांचा दर १२ वर्षांपर्यंतच असतो आणि तुमचा मुलगा तिथे मोठ्यांत धरला जाईल. हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. आणखी एक नियम पुष्कळांना उशिरा कळतो : प्लॅन घ्यायचा असेल तर त्या खोलीतल्या सगळ्यांनी घ्यायचा, अर्ध्यांनी नाही. सासू-सासऱ्यांची खोली वेगळी असेल तर त्यांना प्लॅनमधून बाहेर ठेवता येतं. एकाच मोठ्या स्वीटमध्ये सहा जण राहिलात, तर बहुधा येणार नाही.

नवऱ्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. रोज तीन वेळा “कुठे जेवायचं” या चर्चेतून सुटका होणं हीसुद्धा विश्रांतीच आहे. काही ठिकाणी तर हाच शहाणपणाचा मार्ग असतो. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता काना भागात रिसॉर्ट म्हणजे भलीमोठी आवारं. बाहेर जेवायला जायचं तर गाडी लागते, आणि रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के कर आणि कायद्याने ठरलेला १० टक्के सेवाआकार, म्हणजे २८ टक्के वर चढतात. तिथे जाणाऱ्या कुटुंबाला मी ऑल-इन्क्लूझिव्ह घ्या असंच सांगेन. अरुबाचं तसं नाही. पाम बीचवर हॉटेलांच्या रांगेमागेच चालत जाण्याच्या अंतरावर ढीगभर खाण्याची ठिकाणं आहेत. थोडं दक्षिणेला ईगल बीच आहे. तिथे बैठ्या इमारती आणि स्वयंपाकघर असलेले पुष्कळ अपार्टमेंट-रिसॉर्ट आहेत. तुमच्यासाठी मी त्या भागात दोन बेडरूमची जागा बघेन. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिथे मंदीचा हंगाम असतो, त्यामुळे ऑगस्टात दर उतरलेले असतात. बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, म्हणून त्या महिन्यात इतर बेटांपेक्षा तिथे जाणं निर्धास्तही आहे.

जेवण मात्र हंगाम बघून स्वस्त होत नाही, त्याला कारण आहे. अरुबा कोरडं बेट आहे. निवडुंग, कोरफड आणि वाऱ्याने एका बाजूला वाकलेली दिवी-दिवीची झाडं. शेती नावापुरती. तांदूळ, भाज्या, दूध, फळं, जवळपास सगळं जहाजाने येतं. टोमॅटोची किंमत पाहून सासरे दचकतील तेव्हा त्यांना हे सांगा. आपल्याला फसवलं जातंय असं वाटलं की माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. कारण कळलं की तोच भाव थोडा सुसह्य होतो.

भावांचा आणखी एक गोंधळ होतो. तिथलं चलन फ्लोरिन. बेटावर डॉलर सगळीकडे चालतात आणि पर्यटकांच्या हॉटेलांत मेन्यूवर किमती बहुधा डॉलरमध्येच असतात. सुपरमार्केटमध्ये मात्र पाटी फ्लोरिनची असते. एका डॉलरला १.७९ फ्लोरिन हा दर १९८६पासून बांधलेला आहे. दुकानात व्यवहार साधारण १.७५ च्या आसपास होतो. म्हणजे १८ फ्लोरिनची वस्तू साधारण १० डॉलरची. हे माहीत नसलं की माणसं आवश्यक वाणसामानही महाग समजून मागे ठेवतात आणि मग भुकेल्या पोरांसाठी पूलजवळच्या बारमध्ये दुपटीने मोजतात.

बिल हातात आलं की खालच्या दोन ओळी वाचा. अरुबात बऱ्याच ठिकाणी १० ते १५ टक्के सेवाआकार आधीच लावलेला असतो. अमेरिकेच्या सवयीने त्यावर पुन्हा २० टक्के टिप लिहिली जाते, आणि आठवडाभरात हा आकडा एका मोठ्या जेवणाएवढा होतो. सेवाआकार लावला असेल आणि वाढणाऱ्याने तुमच्यासाठी खास कष्ट घेतले असतील, तर थोडे पैसे त्याच्या हातात जरूर द्या. शाकाहारी पाहुण्यांसाठी स्वयंपाकघरात चार खेपा घालणाऱ्याला ते मिळायलाच हवेत. पण न बघता दुहेरी देऊ नका. (बहामाला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. तिथे रेस्टॉरंटच्या बिलावर १० टक्के व्हॅट आणि साधारण १५ टक्के सेवाआकार आपोआप लागतो.)

पाणी विकत घेऊ नका. अरुबात नळाला येणारं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून पुरवलेलं असतं आणि ते पिण्यासाठी उत्तम आहे. ज्या बालाशी भागात हे पाणी तयार होतं त्यावरून तिथले लोक त्याला कौतुकाने ‘बालाशी कॉकटेल’ म्हणतात. सासू-सासऱ्यांना नळाचं पाणी नको वाटेल, तर हे समजावून सांगा आणि घरून प्रत्येकाची बाटली न्या. सहा माणसं, उन्हाळा आणि समुद्र. बाटलीबंद पाण्याचा खर्च तुमच्या अंदाजापेक्षा फार जास्त होतो.

आता आकडे. खालचे आकडे मी फक्त रीत दाखवायला धरले आहेत. तुमच्या रिसॉर्टचे खरे दर त्यांच्या जागी घाला. समजा, प्लॅनसाठी मोठ्या माणसामागे रोज ११० डॉलर आणि मुलीसाठी ५५ डॉलर जास्त पडतात. मुलगा मोठ्यांत धरला तर रोजचे ६०५, सात दिवसांचे ४,२३५ डॉलर. प्लॅन घेतला नाही तर? नाश्ता आणि फळफळावळ, दूध, दही, ब्रेड यांचं आठवड्याचं सामान ३०० डॉलर. दुपारचं साधं खाणं रोज ९० प्रमाणे ६३०. सेवाआकार धरून ३०० डॉलरची तीन चांगली रात्रीची जेवणं, म्हणजे ९००. पिझ्झा-पास्ता किंवा तसंच काही १६० डॉलरचं, अशा दोन रात्री, ३२०. आइस्क्रीम, शहाळं, फुटकळ खर्च १५०. एकूण २,३००, आणि उरलेल्या दोन रात्री घरी जेवायचं.

इथे थांबा. त्या दोन रात्रीही बाहेर जेवायचं ठरवलं तर काय होईल? आणखी ३२० डॉलर. बेरीज २,६२०, तरीही प्लॅनपेक्षा १,६०० डॉलरने कमी. स्वयंपाकघर असलेली जागा साध्या खोल्यांपेक्षा महाग असेल तर तो फरक यातून वजा करा. तरी बहुधा काही हातात उरेल. म्हणजे या उदाहरणात तुम्ही ओट्यापासून दूर राहण्याची किंमत ३२० डॉलर आहे. हजारो डॉलर नाही. हा आकडा कागदावर लिहून नवऱ्यासमोर ठेवा. घरातल्या बाईच्या कष्टाला खर्चाच्या वहीत रकाना नसतो, म्हणून ते फुकट वाटतात. स्वयंपाक ‘स्वस्त’ पडतो तो त्या रिकाम्या रकान्यामुळे.

मग स्वयंपाकघर हवंच कशाला? सासूबाईंसाठी. कांदा-लसणाशिवायचं जेवण रेस्टॉरंटमध्ये मागणं ही सोपी गोष्ट नाही. सॉस आधीच करून ठेवलेले असतात, सूप चिकनच्या पाण्यात उकळलेलं असतं, भात कधी त्याच पाण्यात शिजवलेला असतो, आणि घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस घालायची रीत कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी आहे. बटाट्याचे काप ज्या तेलात तळतात त्यातच मासाही तळला जातो. मासा-मांस खात नाही म्हटल्यावर “मग चिकन?” असा प्रश्न मनापासून विचारला जाईल. म्हणून काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगा : मांस, चिकन, मासा, अंडं, चिकनचं पाणी. सासूबाईंसाठी भाजलेला बटाटा, ग्रिल केलेल्या भाज्या, कोरा भात, फळं, दही यांतून बऱ्यापैकी ताट जमतं. फुंची हा तिथला पदार्थही बघा. मक्याचं पीठ पाण्यात शिजवून केलेला, आपल्या उकडीसारखा. चीजचं सारण भरून तळलेली, करंजीसारखी पास्तेची सकाळी गरम मिळते. ती मुलांना आवडेल आणि खिशालाही परवडेल, पण तेल वेगळं आहे का हे सासूबाईंसाठी विचारा. पान बाती दिसायला आपल्या धिरड्याच्या जवळची असली तरी तिच्यात बहुधा अंडं असतं. बेटावर भारतीय जेवण मिळतं आणि सुरिनामी खाणावळींत रोटीही मिळते. १८७३पासून सुरिनामला नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ती रोटी, बरोबर बटाटा आणि शेंगांची भाजी. चिकन आणि अंडं काढून द्यायला सांगा. सासऱ्यांना ही गोष्ट नक्की आवडेल.

तरीही रोज एक वाटी वरण-भात हाताशी असला की सासूबाई निश्चिंत राहतील. त्यासाठी छोटा राइस कुकर पुरतो. तांदूळ तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. सुपर फूड आणि लिंग अँड सन्स ही दोन मोठी दुकानं ईगल बीचपासून फार लांब नाहीत. मुगाची डाळ, हिंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, साबुदाणा असं इंडियन ग्रोसरीतलं सामान सीलबंद पाकिटांत घरूनच न्या. भडंगही न्या, सांगलीच्या माणसांना ते लागणारच. ताजी फळं-भाज्या मात्र नेऊ नका. साधी हॉटेलची खोली घेतलीत तर लक्षात ठेवा, बहुतेक ठिकाणी खोलीत इंडक्शन किंवा कुकर लावायला मनाई असते. लपून लावायची वेळ आणू नका.

आणि तो कुकर कोण लावणार? तुमचा १३ वर्षांचा मुलगा. तांदूळ-डाळ धुऊन, पाणी मोजून कळ दाबणं त्याला एका दिवसात जमेल. आजीसाठी करायचं म्हटल्यावर तो आनंदाने करेल. सुपरमार्केटची फेरी आणि नाश्त्याची भांडी नवऱ्याकडे. हे तिकडे गेल्यावर ठरवू नका. तिथे गेल्यावर जिला सवय आहे तीच उठते. आत्ताच, चौघं मोठे बसलेले असताना बोला.

सासूबाईंच्या “मी आहे ना” बद्दलही एक विचारते. त्यांना खरंच तिथे पोळ्या लाटायच्या आहेत का? की मुलाच्या पैशांवर आपला भार पडतोय असं वाटून त्या स्वतःच्या हातांनी तो फेडू बघतायत? तुम्ही पत्रात त्यांचं वाक्य दिलंय, पण त्यांना कुणी विचारलं असं कुठे दिसलं नाही. एकट्या असताना विचारा, “आई, तुम्हाला तिथे काय करावंसं वाटतंय?” त्या म्हणाल्या, “मला स्वयंपाकात बरं वाटतं,” तर एक दिवस त्यांचा, त्यांच्या हातचं थालीपीठ आणि दही. पण कदाचित त्यांनाही आयुष्यात एकदा समुद्रासमोर बसून कुणीतरी आणून दिलेला चहा प्यायचा असेल. तसं निघालं तर तुमच्या दोघींच्या इच्छा एकच आहेत.

सासऱ्यांचा स्वभाव एका आठवड्यात बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही. ज्या माणसाने पगारातून पै-पै वाचवून मुलाला शिकवलं, त्याला १८ डॉलरचं सॅलड खुपणारच. त्यांच्यापासून बिल लपवू नका. त्याने संशय वाढतो. उलट निघण्याआधी सांगा, “बाबा, जेवणासाठी एवढे पैसे बाजूला काढून ठेवलेत, ते यासाठीच आहेत.” मग रोज रात्री दिवसभराचा एकूण खर्च त्यांना वहीत लिहू द्या. एकूण, पदार्थागणिक नाही. पदार्थागणिक बघितलं की पुन्हा रुपये सुरू होतील, पण दिवसाची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत राहिलेली दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडेल. आणि मुख्य जेवणं लवकर ठेवा. तिथली अनेक रेस्टॉरंट संध्याकाळी पाच-साडेपाचपासून लवकर येणाऱ्यांसाठी कमी दरात ठरावीक जेवण देतात. सात वाजता जेवणाऱ्या सांगलीकरांना आणि ७ वर्षांच्या मुलीला ती वेळ सोयीची, आणि जेवून निघाल्यावर सूर्यास्तही दिसतो.

नवऱ्याची डब्याबद्दलची लाज. रिसॉर्टच्या पूलवर किंवा त्यांच्या रेस्टॉरंटच्या टेबलावर बाहेरचं खाणं चालत नाही, तेवढा नियम पाळा. पण अरुबातले किनारे सगळ्यांचे आहेत. हॉटेलसमोरच्या गवती छत्र्या त्यांच्या पाहुण्यांसाठी असतात, पण ईगल बीचवर सार्वजनिक छत्र्याही आहेत. तिथली कुटुंबं ईस्टरच्या दिवसांत किनाऱ्यावर तंबू ठोकून राहायला येतात, भांडीकुंडी आणि अख्खा गोतावळा घेऊन. त्या वाळूवर दशम्या-चटणी खाणारं कुटुंब कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. घरून करून आणलेल्या दशम्यांचा असा डबा दोन दुपारी न्या, तीन नाही. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी पहाटे उठून दशम्या कराव्या लागतील, आणि ती कोण असेल हे आपल्या दोघींना माहीत आहे.

नवरा आणि मुलगा मासे खात असतील, तर एक दुपार दक्षिणेकडच्या सावानेता गावात काढा. तिथे धक्क्यावर ताजा मासा वजनावर तळून देतात. सासू-सासऱ्यांना त्या वासात बसवायची गरज नाही. त्यांनी तुमच्याबरोबर अपार्टमेंटवर राहावं, किंवा तुम्हीही मासे खायला जा आणि त्यांना दुपारची झोप घेऊ द्या. सहाही जणांनी प्रत्येक वेळी एकत्रच जेवलं पाहिजे, असा नियम कुणी केलाय? रोजची एक पंगत सगळ्यांची असली की पुरे.

या आठवड्यात तुम्ही दोन-तीन जागांना ईमेल पाठवा. विचारायचं एवढंच : १३ वर्षांच्या मुलाचा दर काय, प्लॅन खोलीतल्या सगळ्यांना सक्तीचा आहे का, रिसॉर्ट फी आणि कर धरून पूर्ण रक्कम किती, स्वयंपाकघरात काय काय असतं, आणि नाश्ता भाड्यात येतो का. उत्तरं आली की वर दिलेल्या रीतीने बेरीज करा आणि तो कागद चौघांपुढे ठेवा.

परतीच्या दिवशी सकाळी फ्रिज रिकामा करा. अमेरिकेला जाणाऱ्यांची इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी अरुबाच्या विमानतळावरच होते. उरलेली फळं तिथेच अडतील आणि रांगांमध्ये वेळही पुष्कळ जाईल. तीन तास आधी पोचा, आणि उरलेलं भडंग तुमच्या पर्समध्ये नको, मुलाच्या सॅकमध्ये ठेवा. विमानतळावरचं सँडविच सासरे घेणार नाहीत.